त्या आठवड्यात आम्ही गोवा होतो

खोली दाखवायच्या आधी घरमालकांनी, म्हणजे अप्पांनी, मला फाटकापर्यंत चालून दाखवायला लावलं. मी म्हटलं, असेल काहीतरी वास्तूचं. बिदरला मराठी शाळेत बदली होऊन आठ दिवस झाले होते आणि मैलूर भागात मी खोलीसाठी नुसती वणवण करत होते. कुणी जात विचारत होतं, कुणी मटण खाता का विचारत होतं, कुणाला नवरा गुलबर्ग्याला आणि बाई बिदरला हे कसं काय, याची चिंता लागली होती. त्यामानाने चालणं सोपं. चालले, परत आले. अप्पा अंगणातल्या बाकड्यावर बसून माझ्या पायांकडे एकटक बघत होते.

"डाव्या टाचंवर लई भार द्यायलाव बाई. चप्पल तिकडूनच झिजत असंल. व्हय की न्हाई?"

मी चप्पल उलटी केली. झिजली होती. "आता बघा," म्हणून ते उठले आणि माझ्यासारखे चालले. काखेत पर्स दाबलेली, मान पुढे काढलेली, पेपरांचा गठ्ठा धरल्यासारखं एक कोपर बाहेर. सत्तरीच्या उंच, काटक, मिशाळ माणसात मला मी दिसले आणि अस्सा संताप आला म्हणता! पाय उचलून निघणारच होते, तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी, चहा आणला.

"मनावर घिऊ नगंस माय," अक्का म्हणाल्या. "ह्यांला खोडच हाय. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या सासूसारकं चालून दावलं हुतं मला. मी हसले, तर घरात तीन दिवस महाभारत."

चहा फार चांगला होता. मी खोली घेतली आणि चार वर्षं राहिले.

अप्पा तरुणपणी बेंगळुरातल्या एका पगारी फुटबॉल क्लबात होते. क्लबाचं नाव सांगत नाही, उगाच कुणाला वाईट वाटायला नको. छावणीतल्या जवानांबरोबर खेळून खेळून हा भालकीकडचा शेतकऱ्याचा पोरगा तयार झाला आणि अकरा वर्षं त्या क्लबाच्या रिझर्व्ह टीममध्ये खेळला. अकरा वर्षं रिझर्व्ह! पहिल्या टीमकडून एक मिनिटसुद्धा नाही. मग परत येऊन शाळेत पीटी मास्तर झाले आणि तिथूनच रिटायर. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे मला वाटायचं, रिझर्व्ह म्हणजे बाकावर बसून संत्री खाणारे.

हे मी एकदा बोलून दाखवलं. अप्पा चिडले नाहीत. कधीच चिडायचे नाहीत, तीच तर चीड आणणारी गोष्ट होती. "बाई," ते म्हणाले, "पैली टीम रव्वारी खेळती. लोक बघत्यात. दुसरी टीम सोमवार ते शुक्रवार खेळती. पैल्या टीमशीच. ते कुनी बघत न्हाई. एवढाच फरक."

त्यांच्या कोचची एक पद्धत होती. रविवारी गोव्याच्या संघाशी सामना असला की सोमवारी सकाळी फळ्यावर लिहिलेलं असायचं: गोवा. खाली रिझर्व्हच्या प्रत्येक पोराच्या नावापुढे गोव्याच्या एकेका खेळाडूचं नाव. मग आठवडाभर ही पोरं गोवा व्हायची. ज्याच्या वाट्याला जो आला, त्याच्यासारखं धावायचं, त्याच्यासारखं पाडायचं, त्याच्यासारखं रेफरीशी हुज्जत घालायचं. पहिल्या टीमला रविवारी कुणाशी गाठ आहे ते आधीच अंगवळणी पडावं म्हणून ही सगळी नक्कल. पुढच्या सोमवारी फळा पुसायचा आणि नवीन गाव लिहायचं. कलकत्त्याच्या आठवड्यात एकाला तर पान खाऊन उतरावं लागे, कारण तिकडचा तो गडी तोंडात पान ठेवूनच खेळायचा म्हणे.

अप्पा या रिझर्व्ह टीमचा इतिहास लिहीत होते. तीन जाड वह्या. त्यांत एकाही सामन्याचा निकाल नव्हता. प्रत्येक प्रकरणाची सुरुवात अशी: 'त्या आठवड्यात आम्ही गोवा होतो.' 'त्या आठवड्यात आम्ही पंजाब होतो आणि थंडी नसताना कानटोप्या घातल्या होत्या.' शाळा सुटल्यावर मी लॅपटॉप घेऊन अंगणात बसायची, अप्पा सांगायचे, मी माझ्या कामापुरत्या इंग्रजीत टाइप करायची, कारण क्लबाचा मोठा वाढदिवस येऊ घातला होता, पुस्तक निघणार होतं आणि अप्पांना त्यात रिझर्व्ह टीमचं प्रकरण हवं होतं. दोन ओळी सांगितल्या की ते उठून तिसरी करूनच दाखवायचे. मी ओरडायची, "अप्पा, हे टाइप कसं करू? चालणं टाइप होत नाही!"

अक्का आतून म्हणायच्या, "कामून वरडायलीस? आता ते पंजाब हायत. त्यांला ऐकू जात न्हाई."

या सवयीची गल्लीला भारी गंमत होती. डाळीचे व्यापारी, भाजीवाली, आमचे हेडमास्तर, अप्पांच्या पायांतून कुणी सुटलं नव्हतं. दुसरी सवय बुटांची. सकाळी सहाला बूट घातले, नाड्या घट्ट बांधल्या, की संध्याकाळपर्यंत ते बूट पायातच. घरात चप्पल नाही, अनवाणी नाही. अक्कांनी फक्त देवघरापुरती बंदी घालून बाकी नाद सोडला होता. का म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "बोलावलं तर? तवा काय नाडी बांधत बसू?"

कोण बोलावणार होतं कोण जाणे. पण लग्नाकार्यात ते तासभर आधी जाऊन कडेच्या खुर्चीवर बसायचे, बाह्या दुमडून. वाढपी आला नाही तर आपण आहोत, भटजींना उशीर झाला तर मंगलाष्टकं पाठ आहेत. एकदा खरंच वेळ आली. शेजारच्या लग्नात नवरीचे मामा उदगीरहून येताना बस बंद पडून अडकले. मुहूर्त टळायला आला, नवरीला मांडवात आणायचं कुणी? नवरीची आई रडकुंडीला आलेली. अप्पा पुढे झाले आणि तिला गंभीरपणे म्हणाले, "ताई, तुमचा भाऊ चालतो कसा, तेवढं फकस्त सांगा."

ती बिचारी गोंधळली, पण सांगितलं तिनं. भाऊ जरा पोट पुढे काढून चालतो, दर चार पावलांनी खाकरतो. अप्पा नवरीला तसे घेऊन निघाले. अर्ध्या वाटेत खरे मामा धापा टाकत मांडवात शिरले आणि समोर आपणच खाकरत येताना बघून तिथंच उभे राहिले. नवरी इतकी हसली की फोटोवाल्याला सगळे फोटो परत काढावे लागले.

हे सगळं हसण्यावारी. पण एक गोष्ट त्यांनी सांगितली तेव्हा मला हसता आलं नाही.

आठव्या वर्षी पहिल्या टीममधल्या एकाला कावीळ झाली आणि कोचनं सोमवारी सांगितलं, रविवारी तू. अप्पांनी घरी तार केली. आयुष्यात गुलबर्ग्याच्या पुढे न गेलेले त्यांचे वडील भाकरी आणि तिळाची चटणी बांधून रेल्वेत बसले. पण रविवारला अजून सहा दिवस होते आणि सोमवारचा फळा काही चुकला नव्हता. त्या आठवड्यात अप्पांच्या नावापुढे एक लंगडा गडी होता. जुन्या मोडक्या पायाचा, पण वाऱ्यासारखा पळणारा. अप्पा शुक्रवारपर्यंत इमानेइतबारे लंगडले. शनिवारी सकाळी उठले तर लंगडणं जाईना.

"जायनाच की बाई! पाय माझा, चाल त्याची. डॉक्टरनं गुडघा दाबला. दुकायलंय? मी म्हनलो, न्हाई. मग लंगडायलास कामून? मी म्हनलो, मी न्हाई साहेब, त्यो लंगडायलाय!" अप्पा हसता हसता वाकले. डॉक्टरनं विश्रांती लिहून दिली. रविवारी अप्पा बाकावर बसले. वडील समोरच्या पायऱ्यांवरून दोन तास बघत होते, आणि संपल्यावर म्हणाले, तुला बसायला जागा मात्र झ्याक दिली रं, सावलीत. सोमवारी लंगडणं गेलं. ती संधी काही परत आली नाही.

मी टायपिंग थांबवलं. "तुम्ही भांडला का नाहीत अप्पा?"

"कुनाशी? त्या लंगड्याशी?" मग हात हलवून म्हणाले, "हे लिवू नका. इतिहास टीमचा हाय, माझा न्हाई."

मी चरफडत जिना चढले. त्या रात्रीच्या भाजीत मीठ दोनदा पडलं.

इतिहासातलं शेवटचं प्रकरण एका अंतिम सामन्याचं होतं. समोरच्या संघात एक डावखुरा होता, पेनल्टी मारण्यात पटाईत. तो आठवडाभर अप्पांच्या वाट्याला आला. अप्पा उजव्या पायाचे. त्यांनी डाव्या पायानं त्याच्यासारखं धावत येऊन पहिल्या टीमच्या गोलकीपरवर दोनशे पेनल्टी मारल्या. अंगठ्याचं नख काळं होऊन गळलं. रविवारी सामना बरोबरीत असताना पेनल्टी मिळालीच, मारायला तोच डावखुरा आला, आणि आपल्या कीपरनं बॉल निघायच्या आधीच झेप घेतली. क्लब जिंकला. रिझर्व्हवाल्यांना तिकिटं नव्हती; ते क्लबाच्या खोलीत रेडिओभोवती बसले होते. ती बातमी ऐकून सगळ्यांनी वळून अप्पांकडे बघितलं. अप्पा म्हणतात, मी लाजून पाणी प्यायला उठलो. पेपरात कीपरचा फोटो आला. पुढे तो कीपर मोठा झाला, त्यानं कित्येकदा मुलाखती दिल्या, आणि दर वेळी सांगितलं की त्यानं डावखुऱ्याचे डोळे वाचले होते.

वह्यांतलं हे सगळं आटोपशीर करून आम्ही रिझर्व्हचं प्रकरण पाठवलं. शेवटी एकोणतीस नावं होती, अकरा वर्षांत रिझर्व्हला खेळलेल्या सगळ्यांची. क्लबाच्या सेक्रेटरीचं उत्तर आलं, अगदी नम्र. आमच्याकडे दुसऱ्या संघाचा एकही कागद नाही. त्या काळच्या पहिल्या संघातल्या कुणी सही करून दुजोरा दिला तर प्रकरण आणि नावं छापू. महिन्याच्या आत. नाहीतर 'क्लबाचा एक राखीव संघही होता' एवढं वाक्य घालू.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अप्पा शांत. "बराबर हाय त्यांचं. कागुद पायजेच." पण त्या दिवशी त्यांनी कुणाचीही नक्कल केली नाही. कारण मला नंतर अक्कांनी सांगितलं. अप्पांनी बाकीच्या अठ्ठावीस घरी फोन करून ठेवले होते, तुमच्या माणसाचं नाव पुस्तकात येतंय म्हणून. त्यातले निम्मे आता नव्हते. एकाची बायको तर दोनदा विचारत होती, फोटो पण पाठवू का?

पहिल्या टीमचे शोधले. दोघं वारलेले, एक परदेशी मुलाकडे, फोन उचलेना. राहिले कीपरसाहेब. ते मूळचे सोलापूरचे, फोनच वापरत नाहीत, पण दर पौर्णिमेला गाणगापूरला दत्ताला येतात, असं कळलं. अप्पांनी पौर्णिमा कधी आहे ते बघितलं. मी शाळेत रजा टाकली. अक्कांनी शेंगांच्या पोळ्या बांधल्या आणि म्हणाल्या, "मी बी येते. ह्यांच्या खेळाचं काय का व्हईना, दत्ताचं दर्शन तर व्हईल."

पहाटेच्या गाडीनं गुलबर्गा, तिथून बस. गाणगापूरला दुपारी भक्त झोळी घेऊन पाच घरी भिक्षा मागतात, मधुकरी म्हणतात तिला. त्या वेळी दत्त स्वतः कुठल्या तरी रूपात गावात भिक्षेला फिरतात, अशी श्रद्धा. कीपरसाहेब आम्हाला त्याच रांगेत सापडले. धोतर नेसलेले, गळ्यात झोळी, अजून ताठ. हाताची बोटं सगळी वेडीवाकडी, मोडून जोडलेली.

अप्पांनी वाकून नमस्कार केला. "साहेब, मी रिझर्व्हला हुतो."

"असं? बरीच पोरं असायची हो तिकडं," कीपरसाहेब चांगुलपणानं म्हणाले. त्यांना काही आठवलं नव्हतं. मी कागद पुढे केला. एका लॉजच्या पायरीशी उभं राहून त्यांनी सगळं नीट वाचलं, मधेमधे हसलेसुद्धा. शेवटी पेनल्टीच्या भागाशी मात्र चेहरा बदलला.

"हे असं नव्हतं," ते म्हणाले. "मी त्याचे डोळे वाचले होते. चाळीस वर्षं मी हेच सांगत आलोय. आता याच्यावर सही करायची म्हणजे मी चाळीस वर्षं खोटं बोललो म्हणायचं." आणि कागद परत दिला.

"बराबर हाय साहेब," अप्पा म्हणाले. कागदाची घडी केली आणि वळले. मला वाटलं आता आपण काहीतरी वेडंवाकडं बोलणार, आणि दत्ताच्या दारात बोलणार. पण माझ्या आधी अक्का बोलल्या.

"गल्लीभर दावत फिरताव न्हवं? माझी सासू दावली, ह्या बाईला दावलं. मग हितंच कामून लाजायलाव? दावा की त्यांला!"

अप्पा थांबले. क्षणभर मला वाटलं नाहीच म्हणणार. मग त्यांनी कागद माझ्या हातात दिला, पिशवी अक्कांकडे दिली आणि गल्लीच्या मधोमध दहा पावलं मागे गेले. भिक्षेची रांग वळून बघायला लागली. अप्पांचे खांदे खाली आले, मान डावीकडे कलली, आणि त्यांच्यातून एक ठेंगणा, मिजासखोर, पंचविशीचा माणूस पळत निघाला. चार पावलं भरभर, पाचवं अडखळल्यासारखं, मग एक बारीक उडी आणि डावा पाय. बॉल नव्हताच. पाय हवेत फिरला.

कीपरसाहेब डावीकडे गेले होते. आपण जातोय हे त्यांना कळायच्याही आधी त्यांचे गुडघे वाकले, दोन्ही हातांनी झोळी पुढे झाली आणि सगळं शरीर त्या बाजूला झुकलं. मी धावून त्यांचा दंड धरला म्हणून पडले नाहीत. भाकरीचे चार तुकडे धुळीत गेले. ते झोळी पोटाशी घट्ट धरून उभे राहिले आणि अप्पांकडे बघतच राहिले.

"परत करा," ते म्हणाले.

अप्पांनी परत केलं. कीपरसाहेब परत डावीकडे. तिसऱ्यांदा त्यांनी मुद्दाम न हलायचं ठरवलं होतं, ते मला दिसत होतं, तरी गुडघा वाकलाच. मग ते लॉजच्या पायरीवर बसले आणि मोठमोठ्यानं हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अहो, मी डोळे कसले वाचतोय," ते म्हणाले. "मी हे दोनशे वेळा अडवलं होतं!"

त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं, मांडीवर कागद ठेवला आणि सही केली. सहीच्या वर चार ओळी स्वतःहून लिहिल्या, त्यात झेपेचं खरं काय ते होतं. मग नावांच्या यादीवरून वाकडं बोट फिरवत विचारलं, "या एकोणतिसातले तुम्ही कोण?"

अप्पांनी तोंड उघडलं. आवाज फुटेना. परत उघडलं, ओठ नुसते हलले. मी सांगायला पुढे झाले, तर अक्कांनी माझा हात मागे ओढला. अक्का जुन्या वळणाच्या. नवऱ्याचं नाव बाईनं तोंडानं घ्यायचं नाही, या समजुतीत त्यांचा जन्म गेलेला. रेशन कार्डाच्या रांगेतसुद्धा त्या शेजारणीला नाव सांगायला लावत. त्या डोक्यावरचा पदर सारखा करून कीपरसाहेबांच्या पुढे उभ्या राहिल्या आणि सगळी रांग ऐकेल एवढ्या मोठ्यानं त्यांनी नाव सांगितलं. आधी अप्पांचं, मग सासऱ्याचं, मग आडनाव, आणि मग गाव.